पाशामियाँची तिसरी अट

कल्हईवाल्या पाशामियाँनी गिरिजाबाईंचा बंब पालथा घातला, मधल्या नळीत हात घालून जुनी राख खरवडली आणि मान हलवली. बंब बहात्तरच्या दुष्काळात माळ्यावर गेला होता. प्यायलाच पाणी नव्हतं, तिथं बंब कोण भरणार? दोन वर्षांनी तो खाली उतरला, तो बेबीनंदासाठी.

बेबीनंदा ही गिरिजाबाईंची एकुलती लेक. शाळेत मास्तरीण. पहिल्या बाळंतपणाला परतूरला माहेरी आली होती. कालच बारसं झालं आणि न्हाऊ घालणाऱ्या चांगुणाबाईंचं काम संपलं. आता बेबीनंदा आपल्या हातानं न्हाणार होती. अंगणातल्या चुलीवरचं पाणी न्हाणीत नेईपर्यंत थंडीनं निवून जायचं, म्हणून बंब न्हाणीतच मांडायचा होता. बाळंतिणीच्या डोळ्यांना धूर नको म्हणून गिरिजाबाईंनी लाकडाऐवजी कोळसे आणून ठेवले होते.

पाशामियाँनी दिवसभर बंबाची सेवा केली. आतलं क्षाराचं पुट चिंचेनं घासून काढलं. बुडाच्या सांध्याला कथील वितळवून नवी झाळ दिली. तोटीला सुतळी गुंडाळून ती घट्ट बसवली. मग बंब काठोकाठ भरून तासभर त्याच्यासमोर उकिडवे बसले. एक थेंब गळला नाही.

"आधी पाणी, मंग इस्तू," ते म्हणाले. "रिकाम्या बंबात इस्तू टाकला तर झाळ वितळंल."

एवढं कोणताही कारागीर सांगतो. पाशामियाँचं खूळ त्याच्या पुढं होतं. सहा वर्षांपूर्वी ते हसनाबादहून परतूरला आले, तेव्हापासून त्यांच्या तीन अटी ठरलेल्या. न्हाणीचा झरोका उघडा पाहिजे. आतून कडी घालायची नाही. आणि न्हाणाऱ्या माणसानं शेवटपर्यंत बोलत राहायचं. हे कबूल होईपर्यंत बंबाची लोखंडी जाळी ते पिशवीत घालून घरी नेत. जाळीशिवाय कोळसे ठरत नाहीत, बंब पेटत नाही. गाव हसायचं, पण ऐकायचं. पोस्टमास्तर तर न्हाताना सगळ्या गल्लीचे पत्ते म्हणायचे.

त्या दिवशी पाशामियाँनी न्हाणीत डोकावून पाहिलं. झरोक्यात जुन्या गोधडीचे तुकडे गच्च कोंबलेले होते.

"चिंध्या काढा, अक्का."

"ओली बाळंतीण हाय, पाशाभाई," गिरिजाबाई म्हणाल्या. "वारा लागला तर जन्माचं दुखणं. तुम्हा बाप्यांना काय कळतंय त्यातलं?"

पाशामियाँनी बंबातली जाळी काढली. जाळी पिशवीत घातली आणि निघून गेले.

सकाळी ते आले तेव्हा झरोका मोकळा होता. गिरिजाबाईंनी हात करून तो दाखवलासुद्धा. पाशामियाँनी जाळी बसवली, कोळसे फुलवले, पाण्यात बोट घालून पाहिलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. बेबीनंदा न्हाणीत गेली. त्याबरोबर गिरिजाबाई मागच्या बोळात गेल्या आणि गोधडीचे तुकडे बाहेरून परत कोंबून आल्या. लबाडी केली खरी, पण लेकीच्या जिवासाठी केली.

आत बेबीनंदा हसत बोलत होती. बाळाचं नाक कुणावर गेलं ते सांगून झालं. सासूबाईंचं सांगून झालं. वर्गातल्या पोरांचंही झालं.

"आई, आता काय बोलू?"

"पुरे झालं," गिरिजाबाई दाराशी तोंड नेऊन हळूच म्हणाल्या. "गप न्हा."

आतलं बोलणं थांबलं. थोड्या वेळानं पाण्याचा आवाजही थांबला.

पाशामियाँ ओट्यावरून उठून आत आले. कुणाच्या माजघरात न विचारता ते कधीच आले नव्हते.

"तिला बोलतं करा, अक्का. जल्दी."

"न्हाऊ द्या की सुखानं. काय खूळ घेऊन बसलात?"

"माझी पोरगी मदिना अशीच गप झाल्ती," पाशामियाँ म्हणाले.

हे त्यांनी परतुरात आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"बाळंतपणाला आल्ती. तेविसावा दिवस. बंब मीच तयार केल्ता, एक थेंब गळत नव्हता. मी दारापाशी बसून राह्यलो. आवाज बंद झाला तवा वाटलं, पोरगी सुखानं न्हाऊन राह्यली." त्यांनी न्हाणीच्या दाराकडं बोट केलं. "कोळशाला धूर नसतोय, अक्का. पर बंद खोलीत त्याची हवा माणसाला निजवती. हे डॉक्टरनं मागून सांगितलं, ती गेल्यावर. झरोक्यात चिंध्या मीच कोंबल्त्या. तिला वारा लागू नये म्हणून."

बोळात आपण कशा पोचलो ते गिरिजाबाईंना कळलं नाही. दोन्ही हातांनी त्यांनी चिंध्या उपसल्या.

"बेबे!"

 त्यांनी भिंतीवर मूठ आपटली.

"बेबे, अगं बेबे!"

"काय गं आई," बेबीनंदाचा आवाज जड होता. "गप न्हा म्हणालीस ना? झोप येऊन राह्यली मला."

"निजू नको. लुगडं गुंडाळ, दार ढकल अन् बाहेर ये." गिरिजाबाईंनी झरोक्याला तोंड लावलं होतं आणि त्या रडत होत्या. "अन् येईपर्यंत पाढे म्हण, माझे बाई. मोठ्यानं म्हण. दारात मदिनाचा बाप ऐकून राह्यलाय."