महेंद्रची सही

खोटं बोलत असेन तर घोडेगावच्या बाजारात मला कुणी शेळीही विकू नये.

भारती ज्या लिनक्स ॲपवर लोकांचे अर्ज टाइप करून पोट भरते, ते तिच्या नवऱ्यानं, महेंद्रनं बनवलेलं. तो देवाघरी जाऊन दोन वर्षं झाली. परवा त्याच्याच रिपॉझिटरीतून, म्हणजे तो प्रोग्राम ठेवायचा त्या ऑनलाइन कोठारातून, अपडेट आलं.

“पोरी, बाहेरचा माल हाय. दात बघितल्याबिगर दावं धरू नको. मशीन बसलं तर खाशील काय?” तिच्या खिडकीत उभा राहून मी, जनावरांचा व्यापारी, म्हणालो.

तिनं डिजिटल सही तपासली. “अण्णा, सही ह्यांचीच हाय. पन जिच्याबिगर ही सही करताच येत न्हाई, ती गुप्त चावी तर पेनड्राइव्हमधी माझ्या कपाटात हाय!”

तिनं चष्मा काढून डोळे पुसले, परत चढवला आणि ‘होय’ दाबलं.

अक्षरं मोठी झाली. खाली ओळ उमटली: “भारती, आता चष्म्याबिगर दिसंल. अण्णा, जरा सरका, तिचा उजेड अडतोय.”