नानांची गोड काकडी

हेमलताच्या धाकट्या बहिणीने, रेवतीने, पाठवलेल्या काकडीची कोशिंबीर वडिलांनी, नानांनी, वरून साखर न घेता चाटूनपुसून संपवली. हेमलताने एक फोड चाखली आणि कडूजहर लागताच थुंकून टाकली.

काचघरातली भाजी ज्याच्या श्वासावर वाढते, त्यालाच गोड लागते. म्हणजे हेमलताच्या गच्चीवरच्या काचघरात तिच्या श्वासावर वाढलेली काकडी नाना आजवर साखर घालून मुकाट गिळत होते.

"तुम्ही रेवतीच्या काचघरात जाऊन बसता?" तिने विचारलं.

"दुपारी फिरायला जातो ना, तेव्हा," नाना ओशाळून म्हणाले. "ती मला वेल बांधायला देते. गप्पा मारतो आम्ही."

"औषधं मी द्यायची, पथ्य मी सांभाळायचं, आणि गप्पा तिच्याशी! माझ्या काचघरात एकदा तरी आलात?"

"तूच येऊ देत नाहीस, हेमा. दमट हवेनं खोकला वाढेल म्हणतेस."

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना चपला शोधू लागले, तेव्हा हेमलताने त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं, काचघरात वेलींमध्ये खुर्चीवर बसवलं आणि बाहेर येऊन दाराला कडी घातली.

"श्वास घ्या, नाना," ती काचेतून म्हणाली. "मोठा."