मोहाखालची जागा

सातपुड्यात काठी गावाच्या वरच्या अंगाला मोहाखाली एक सपाट जागा होती. जंगलखात्याच्या नोकरीत लागल्यापासून लोटन नाकेदाराचा तिच्यावर डोळा होता. पेन्शनीत निघालो की इथंच राहायचं, असं तो बायकोला दर होळीला सांगायचा. काल पेन्शनीत निघाला आणि संध्याकाळीच गावच्या कारभाऱ्याने तिथे ज्वारीचे दाणे मांडून वर पळसाचा द्रोण पालथा घातला. सकाळी दाणे जागचे हललेले नसले तरच जमिनीला माणूस पसंत, अशी इथली रीत. आता सगळं गाव जमलं होतं. "दाना हालेल निंघनात, तं कोरीट गावले जुनं घर शे आपलं," त्याची बायको नर्मदाबाई मागून पुटपुटली. लोटनने जमलेल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. समोरच्या प्रत्येक पुरुषाला त्याने कधी ना कधी लाकूडतोडीत धरलं होतं. त्यातल्या एकानेही रात्री द्रोणाखाली बोट घातलं असतं तर? कारभाऱ्याने वाकून द्रोण उचलला. दाणे जसेच्या तसे होते. "जमिनीला तू चालतो," कारभारी म्हणाला. लोटनचे डोळे भरून आले. "मग सागाचे खांब कधी तोडायचे?" त्याने उतावीळपणे विचारलं. "इथं तर अख्खं गाव मिळून घर उभं करतं ना?" "करतं," म्हणत कारभाऱ्याने आपला रिकामा खांदा चाचपला. "पण आमच्या कुऱ्हाडी तुझ्याच नाक्यावर जमा आहेत, नाकेदार."