उघडं दार

चंद्रावर जन्मलेला श्रीरंग तावडे आजोबांच्या गावी कायमचा राहायला आला, पण महिना उलटला तरी वाडीचा त्याच्यावर विश्वास बसेना. कारण एकच. कुणाच्याही घरात शिरला की तो आधी आपल्यामागे दार लावून कडी घालायचा. भर दुपारी! ज्या वाडीत दिवसाउजेडी दार लावणं म्हणजे शेजाऱ्याचा अपमान, तिथे!

"काहीतरी लपवतोय मेला," म्हणत शेजारच्या द्वारकाकाकू सोलकढीचं भांडं घेऊन त्याच्याकडे निघाल्या. कढीच्या निमित्ताने चार शब्द सुनावायचेच, असं ठरवून.

पाहतात तर दार सताड उघडं! आणि श्रीरंग खुर्चीचे हात घट्ट धरून, गाल फुगवून, घामाघूम होऊन बसलेला.

"अरे, काय होतंय तुला?"

त्याने भस्सकन श्वास सोडला. "काही नाही, काकू. सराव करतोय. आमच्याकडे दार उघडं राहिलं तर घरातली सगळी हवा निघून जाते, माणसं मरतात. म्हणून तुमच्याकडे आलो की आधी दार लावायचो. तुम्हाला काही होऊ नये ना! पण इथे उघडंच ठेवतात, तर म्हटलं, शिकावं."

काकूंचं सुनावायचं राहिलं बाजूला. त्यांनी भांडं ठेवलं, तरातरा जाऊन दार लावलं आणि कडी घातली.

"आधी नीट श्वास घे. मग कढी पी."

तेवढ्यात बाहेरून बाबल खोत ओरडला, "काकू, भर दुपारी दार लावून काय चाललंय?"

"पोराला जरा हवा देतेय!" काकू आतून गरजल्या.