उतरलेलं भाडं

लग्नानंतर गोव्याला जायला बोटीची डेकवरची दोन तिकिटं क्लेमेंटीनच्या मामाने आहेर म्हणून काढून दिली, आणि चार दिवसांत बोटीचं भाडं उतरलं. नवरदेव कॉन्रॅड भुईगावहून सायकल हाणत एजंट नरहरीशेटकडे रोज खेपा घालू लागला. "फरक परत मिळालाच पाहिजे!" नरहरीशेटनी शेवटी वैतागून होकार दिला.

लग्नाच्या आदल्या दिवशी कॉन्रॅड पैसे घ्यायला गेला.

"ते काल क्लेमेंटीन घेऊन गेली. आहेर तिच्या मामाचा ना! त्यात थोडी भर घालून तिने डेकऐवजी केबिन घेतली."

"आणि मी?"

"तुमचं डेक आहेच की, कॉन्रॅडभाऊ. वारा छान लागतो."

"पण केबिन दोघांची असते ना?"

"असते तर. दुसरी जागा तुमच्या सासूबाईंनी घेतली."

"आणि क्लेमेंटीन काहीच बोलली नाही?"

"बोलली ना. म्हणाली, बरं झालं आई, एवढ्या लांब मी एकटी कशी गेले असते!"