लेकीची हिरडी

डॉक्टर तांबोळींनी स्क्रीन सारिकाकडे वळवली. तीन महिन्यांपूर्वी तिच्याच हिरडीतल्या पेशी वाढवून त्यांनी तिच्या आईच्या तोंडात लावल्या होत्या. वाढीला चालना देणारं ग्रोथ फॅक्टरचं जेल रोज लावलं की त्या पेशी जाळं विणणार आणि आईचे हलणारे दात धरून ठेवणार, असं ठरलं होतं.

"पेशी जिवंत आहेत, पण विणायच्या थांबल्यात. तंबाखू दिसतोय."

"आई, मिश्री सोडली म्हणून माझी शपथ घेतली होतीस ना?"

"अगं, बाकी कुठं लावतच नाही," आई हळूच म्हणाली. "फक्त तुझ्या हिरडीवर. तिथं झोंबत नाही बघ."

डॉक्टरांनी हातमोजे चढवले. "परत थोड्या पेशी लागतील. सारिका, आ करा."

सारिकानं तोंड उघडलं नाही.