केलरांच्या मागावर

"पुढचा एक्झिट घ्या. नाही, थांबा... त्याच्या पुढचा." गिरीशराव अडखळले. व्हर्जिनियातला हा रस्ता त्यांनी नकाशावर कितीदा तरी गिरवला होता; आज मात्र डोकं साथ देत नव्हतं.

"हाच आहे," गाडी चालवणाऱ्या बाई म्हणाल्या आणि वळल्या.

मोठ्या शांत बाई होत्या. मुलाने, मिहीरनेच, ड्राइव्ह करायला त्यांना शोधलं असणार. निघताना त्यांनी नाव सांगितलं होतं. पुन्हा विचारायचा गिरीशरावांना संकोच वाटत होता. मराठी होत्या, तेवढंच बरं.

"कुणाच्या पूर्वजांचा शोध म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"माझ्या सुनेच्या, एमिलीच्या. तिचा मूळपुरुष योहान केलर. जर्मनीहून जहाजाने फिलाडेल्फियाला उतरला. तिथली जमीन परवडेना, म्हणून बायकोला घेऊन घोडागाडीने कॅरोलायनाला निघाला. याच खोऱ्यातून."

सांगता सांगता त्यांचा आवाज खणखणीत झाला. नदी कुठे चढली, चाक कुठे मोडलं, सगळं मुखोद्गत. बाई मन लावून ऐकत होत्या.

चर्चमागच्या जुन्या दफनभूमीत पोचल्यावर ते एका झिजलेल्या थडग्यापाशी थांबले. बाईंनी थर्मासमधला चहा पुढे केला.

"इथे त्याची बायको तापाने पडली," ते म्हणाले. "थंडी तोंडावर आलेली, बाकीच्या गाड्या थांबेनात. एका शेतकऱ्याच्या घरी तिला ठेवून हा पुढे गेला. वसंतात परत आला, तर हे थडगं."

"बिचारा काय करणार?"

"काय करणार म्हणजे? आजारी माणसाला असं टाकून जातं का कुणी?" संतापाने त्यांनी हात झटकला. चहा सांडला.

बाईंनी रुमालाने त्यांची बाही टिपली. "आणि आजारी माणूसच पुढे निघून गेलं तर?"

गिरीशरावांना काही उमजलं नाही. पण एकदम त्यांनी आजूबाजूला पाहिलं. आपण इथे, आणि सुचित्रा? बायकोला सांगून तरी निघालो का? काही केल्या आठवेना. कावरेबावरे होऊन ते खिसे चाचपू लागले.

"माझ्या मिसेसला फोन करायचाय. घरी एकटी काळजी करत बसली असेल. जरा लावून द्याल? मला हल्ली यातलं काही सापडत नाही."

बाईंनी त्यांचा फोन घेतला. सुचित्राच्या नावावर बोट ठेवलं, फोन त्यांच्या हातात दिला आणि पाठ फिरवून त्या दूरच्या ओकच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

पलीकडून फोन उचलला गेला.

"सुची? अगं, मी ठीक आहे. जेवलीस का तू? संध्याकाळपर्यंत घरी येतोच बघ."

"या सावकाश," ओकखाली पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाई आपल्या फोनमध्ये म्हणाल्या, "मी वाट बघतेय."